काका, तुमची पॅन्ट तयार आहे

काका,

तुमचं आडनाव मला अजून माहीत नाही. मापाच्या वहीत तुमच्या पानावर ‘काका, गुरुवार’ एवढंच लिहिलंय. समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही हवापाण्यावर बोलायला लागता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. नाव तुमचं नाही, माझंही नाही. ए.ए.ची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, रीतच आहे ती.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तुम्ही पॅन्टची उंची कमी करायला दुकानात आलात. सकाळचे साडेदहा झाले असतील. बायको समोर काजं करत बसलेली, त्यामुळे मला सकाळचे दारूचे नव्वद मिली मारता आले नव्हते. सुई घेतली. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून, मग सुई बोटात गेली. मी चष्म्याला शिवी दिली. तुम्ही माझ्या हातातून सुई काढून घेतलीत, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलंत, ओवलंत, गाठ मारून परत दिलीत. आणि पॅन्टबद्दल बोलावं तसं म्हणालात, “माझंही सकाळी असंच व्हायचं. बँकेत सही जुळायची नाही.”

बायकोसमोर बोललात याचा आधी संतापच आला. तुम्ही गेल्यावर ती काही बोलली नाही, तिचं काज मात्र वाकडं झालं.

उपाय काय कमी झाले होते? आईच्या सांगण्यावरून माळ घातली होती. ती सात महिने गळ्यात होती, मग खिळ्यावर. ‘न सांगता दारू सोडवा’वाली पुडी बायकोने आमटीत घातली, त्याने नुसत्या उलट्या झाल्या. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, त्याबद्दल इथे लिहवत नाही. एकदा श्रावण पाळायचा म्हणून एका दिवसात बंद केली, तर दुसऱ्या रात्री फिट आली. तेव्हापासून दारू सोडण्याचीच भीती बसली होती. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा फॉर्म बायकोने आणून ठेवला होता, पण पाच आठवडे दुकान बंद म्हणजे लग्नसराईची गिऱ्हाइकं गेली, असं मी म्हणायचो. खरं कारण ते नव्हतं, हे तुम्हाला सांगायला नको.

पॅन्ट न्यायला आलात तेव्हा फिटचं तुम्हाला सांगितलं. “मग एकट्याने सोडायची नाही. आधी डॉक्टर,” म्हणालात. डॉक्टरकडे सोबत आलात, मी सहा दिवस वॉर्डात होतो, त्यात दोनदा भेटायलाही आलात. कोणी ओळखीचं विचारलं तर ‘दुकानातले काका’ म्हणायचं, असं आपलं ठरलं होतं.

मग तो गुरुवार, माझी ए.ए.ची पहिली मीटिंग. महापालिकेच्या शाळेतला पहिलीचा वर्ग, भिंतीवर बे एके बे, आणि एवढाले बाप्ये गुडघे मुडपून पोरांच्या बाकांवर बसलेले. मला वाटलं होतं कीर्तन असेल, नाहीतर डॉक्टरांचं भाषण. तिथे एक रिक्षावाला उठला, नाव सांगितलं, “मी बेवडा” म्हणाला आणि मुलीच्या फीचे पैसे कसे प्यायला ते सांगून बसला. कोणी सल्ला दिला नाही, कोणी च्‌ च्‌ केलं नाही. पुढचा उठला. पैशाची पिशवी फिरली तेव्हा मी खिसा चाचपला, तर तुम्ही माझा हात दाबलात: “नव्याने नाही टाकायचे.” फी नाही, रजिस्टर नाही, बाहेरच्यांची देणगीही घेत नाहीत, हे ऐकून माझ्यातल्या दुकानदाराला शंकाच आली. मग यांचा फायदा काय?

ते मी तुम्हाला चहाच्या टपरीवर विचारलं. तेव्हा तुम्ही ए.ए. सुरू करणाऱ्या त्या दोघांची गोष्ट सांगितलीत. १९३५ साल, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. धंद्यात आपटी खाल्लेला न्यूयॉर्कचा एक माणूस हॉटेलात उभा, बारमधून आवाज येतायत. आपण आता पिणार, हे त्याला कळलं आणि त्याने फोन लावायला सुरुवात केली. कशाला? तर गावातला दुसरा एखादा दारुडा भेटावा म्हणून! भेटला तो सर्जन. त्या सर्जनचेही हात कापायचे. १० जूनला ऑपरेशनआधी हात स्थिर राहावेत म्हणून त्याला बिअरची एक बाटली दिली, आणि ती त्याची शेवटची. सुई धरणाऱ्या माणसाला ही गोष्ट कुठे लागते ते तुम्हाला बरोबर माहीत होतं. वर म्हणालात, “मी तुझ्यावर उपकार करत नाहीये. तू भेटलास म्हणून माझा आजचा दिवस निघाला.”

तेव्हा वाटलं, मोठेपणा म्हणून बोलताय. चौथ्या महिन्यात चुलतभावाच्या हळदीला मी प्यायलो, आणि पुढच्या गुरुवारी आलो नाही. तुम्ही दुकानात आलात, स्टुलावर बसलात. चार महिने पाण्यात गेले, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, “महिने गेले. ऐकलेलं कुठे गेलं?” त्या संध्याकाळी परत एक दिवसापासून मोजायला बसलो. चिडचिड झाली, खोटं का सांगू.

काकूंचेही आभार. त्यांनी बायकोला अल-अ‍ॅनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मीटिंगला, नेलं. माझ्या खिशांचा वास घ्यायचं तिने सोडलंय. आता ती मंगळवारी दुपारी चार वाजता उठते आणि “गिऱ्हाईक बघा” म्हणून निघून जाते. तिथे काय बोलते ते मी विचारत नाही. विचारलं तरी सांगणार नाही.

तुमची पॅन्ट तयार आहे. शर्ट फुकट शिवून देतो म्हटलं तर तुम्ही ऐकलं नाहीत, तेव्हा याचेही पैसे तुम्ही देणारच. वाद घालत नाही. पण कंबर छत्तीसची अडतीस झालीय. तलफ आली की तोंडात टाकायला म्हणून खिशात श्रीखंडाच्या गोळ्या ठेवता, त्या मला दिल्यात तर दिल्यात, स्वतः जरा कमी खा. आत अर्धा इंच कापड सोडून ठेवलंय.

तुमचा,
टेलर