आमच्या दुःखाच्या नावाने तुरुंगातली कामं बंद पाडू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोर्शी तालुक्यातल्या एका सभेत नुकतीच एका पुढाऱ्यांनी मागणी केली, की खुनाच्या कैद्यांना शिक्षण, सुतारकाम, रजा, खुलं कारागृह हे सगळे लाड बंद करा, ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांना काय वाटत असेल? टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. आमच्या घरचा माणूस गेला आहे, म्हणून हे पत्र.

2011 च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, भांडणात माझ्या मोठ्या भावाचा खून झाला. शेजारच्या वावरवाल्याने दोन ओळी आमच्या बाजूला सरकून वखरलं होतं. शब्दाला शब्द लागला, तो दारू प्यालेला होता, हातात कुऱ्हाड होती. त्याला जन्मठेप झाली. मी त्याला माफ केलेलं नाही आणि त्याची शिक्षा एक दिवसानेही कमी व्हावी असं मला वाटत नाही.

पण त्याचं वावर आजही आमच्या वावराला लागूनच आहे. खुनाच्या जन्मठेपेत 14 वर्षं प्रत्यक्ष भोगल्यावर सरकार सुटकेचा विचार करू शकतं, म्हणजे त्याचे दिवस जवळ आले आहेत. सुटल्यावर तो मुंबईला जाणार नाही की पुढाऱ्यांच्या बंगल्यावर. तो त्याच धुऱ्यावर येईल. आमच्या वहिनी हे माझ्याआधी बोलल्या. सभेहून आल्यावर मी भाषण सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "जेलातून तो काम शिकून आला पायजे भाऊजी. रिकामा आला, तं पुन्हा पिऊन तिथंच उभा राहीन. मंग पोराईले वावरात कशी पाठवू मी?"

तो आधी अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात सुतारकाम शिकला. पुढे वर्तणूक चांगली म्हणून त्याला मोर्शीच्या खुल्या कारागृहात आणलं. तिथे कैदी शेतात राबतात आणि मजुरी मिळवतात. बाहेरच्या शेतमजुराला जे मिळतं त्यापेक्षा ती किती तरी कमी असते, पण त्यातूनच तो मुलीच्या फीला पैसे पाठवायचा, हे गावाला माहीत आहे. पहिल्यांदा संचित रजेवर, म्हणजे कैद्याला ठरावीक दिवस घरी जायला मिळणाऱ्या सुट्टीवर, आला तेव्हा आम्ही आठ दिवस वावराकडे फिरकलो नाही. तो घराबाहेर पडला नाही, दारूला शिवला नाही, मुदतीच्या आदल्या दिवशी परत गेला. दुसऱ्या रजेत त्याने धुऱ्यावरची आपल्या बाजूची माती ओढून घेतली आणि खुणेचे दगड पुन्हा जुन्या जागी लावले. आमच्याशी एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी वहिनी घरी येऊन खूप रडल्या. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

याला लाड म्हणणाऱ्यांनी आकडे तरी पाहावेत. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यांतली 4,34,302 कच्चे कैदी होती, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धही झालेला नाही. ही माणसं आज ना उद्या गावोगाव परतणार आहेत. महाराष्ट्रात हे काम नवंही नाही. औंध संस्थानात 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. 2022 मध्ये राज्य सहकारी बँकेने कैद्यांच्या घरच्यांसाठी 50 हजारांपर्यंत कर्ज सुरू केलं, तेही कैद्याच्या मजुरीतून फेडायचं. हात रिकामे ठेवले तर मजुरी कुठून आणि हप्ता कुठून?

आमच्यासाठी भांडायचंच असेल, तर भांडायला खूप आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच सांगितलं होतं, की कैद्याच्या मजुरीतला काही भाग पीडित कुटुंबाला मिळावा. आम्हाला एक पैसा आला नाही. तो रजेवर येतोय हे वहिनींना पाणी भरताना दुसऱ्या बाईकडून कळलं; कुणी कळवायला नको होतं का? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, हे आम्हाला फार उशिरा समजलं. यातली एकही गोष्ट त्या भाषणात नव्हती. सभेआधी किंवा नंतर कुणीही आमच्या घरी आलं नाही.

कारागृहातल्या शिक्षकांवर, सुतारकाम शिकवणाऱ्यांवर, रजेच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांवर आता दबाव येईल. एखादा कैदी रजेवरून परतला नाही की ती बातमी होते. मुदतीत परतलेल्यांची कधी होत नाही. तुम्ही ती करावी ही विनंती.

वहिनींचं बोलणं त्यांना विचारूनच लिहिलं आहे. माझं आणि गावाचं नाव मात्र छापू नये. दोन्ही घरांत लग्नाला आलेल्या मुली आहेत.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. मोर्शी, जि. अमरावती