तुमच्या 'आयुष्यभर सुरक्षित' अल्बमबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : नाणी व पदके ठेवण्याच्या संचातील प्लास्टिकमुळे झालेले नुकसान, आणि त्यानंतर आपल्या माणसाने फोनवर दिलेला सल्ला.

संदर्भ : फेब्रुवारीतील खरेदीची पावती व आपले दोन ईमेल. प्रती सोबत जोडल्या आहेत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. एसटीत कंडक्टर म्हणून एकतीस वर्षं काढली. हे आधी सांगायचं कारण असं की आपल्या दुसऱ्या ईमेलमध्ये 'ग्राहकाने नाणी चुकीच्या पद्धतीने हाताळली असावीत' असं वाक्य आहे. साहेब, नाणी हाताळणं हेच माझं पोट होतं. खेडच्या घाटात, दिवा बंद, गाडी खचाखच, अशा वेळी चामड्याच्या पिशवीत हात घालून चार आणे कुठले आणि आठ आणे कुठले हे मी बोटांनी ओळखायचो.

माझा संग्रहही त्या पिशवीतूनच सुरू झाला. एका म्हातारीने तिकिटाच्या मोडीत भोकाचा पैसा दिला. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला म्हणून १९४३ पासून असे मधे भोक असलेले पैसे पाडले होते. हिशेबात तो चालणार नव्हता. मी खिशातले पैसे घालून तो ठेवून घेतला आणि तिला तिकीट दिलं. पुढे कमळाचे वीस पैसे, चौकोनी पाच पैसे, कधी एखादी चवली, म्हणजे दोन आणे. ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली तेव्हा डेपोतली पोरं म्हणाली, आता तुमच्या डब्याला भाव येणार. भाव कशाचा येतोय! पण डबा राहिला.

त्यात वडिलोपार्जित वस्तूंची भर पडली. एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा, देव्हाऱ्यातली. कंपनी सरकारचे तांब्याचे पैसे, त्यातला एक ढब्बू, म्हणजे दोन पैशांचा. व्हिक्टोरिया राणीचे दोन रुपये, चांदीचे. आणि पणजोबांची पहिल्या महायुद्धाची तीन पदकं.

शिवराई सोडली तर हे सगळं शंभर वर्षं कुठे होतं? पत्र्याच्या ट्रंकेत. पदकं जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात, नाणी पुरचुंडीत. ट्रंक माळ्यावर, चुलीच्या बरोबर वर, त्यामुळे भर आषाढातही कोरडी. धुराने चांदी काळी पडली होती, नाही असं नाही. पण काळी पडणं वेगळं आणि खाल्ली जाणं वेगळं. चूल जाऊन गॅस आला, माळा दमट झाला, म्हणून मुलगा म्हणाला की आता नीट काहीतरी घेऊ.

ते नीट काहीतरी म्हणजे आपला संच. तीन हजार आठशे पन्नास रुपये. नाण्यांचा अल्बम, पदकांसाठी मोठ्या कप्प्यांचा दुसरा अल्बम, सुती हातमोजे, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि चमकवायच्या द्रवाची बाटली. जाहिरातीत अल्बम वाळूवर ठेवलेला, मागे गलबत, खाली अक्षरं : 'सर्व ऋतूंत, आयुष्यभर सुरक्षित'. समुद्राकाठचा माणूस असल्यामुळे मला ते चित्र पटलं. आता वाटतं, फोटो काढून झाल्यावर त्यांनी अल्बम पाच मिनिटांत उचलून गाडीत ठेवला असणार.

आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या कामांत, मे अखेरीस, मी सगळं अल्बममध्ये भरलं. नाणी कडेला धरून, खाली टॉवेल अंथरून. आपले सुती मोजे आमच्या मे महिन्यात पाच मिनिटांत घामाने भिजतात, मग ते घालून नाणं धरणं हे ओल्या फडक्याने धरण्यासारखं होतं. मी हात धुऊन, कोरडे करून काम केलं. मोज्यांबद्दल माझी तक्रार नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, पारई, माझा जुना तिकीट-पंच आणि पणजोबांची पदकं एका पाटावर मांडतात. त्यासाठी अल्बम उघडला तर आधी वास आला. नव्या रेनकोटला येतो तो. कप्प्यांच्या आतून घाम फुटल्यासारखं ओलसर, चिकट. तांब्याच्या जवळजवळ प्रत्येक नाण्यावर हिरवा लिबलिबीत थर. चांदीच्या रुपयांवर धुरकट पडदा. एका पदकाची रेशमी फीत प्लास्टिकला अशी चिकटली होती की सोडवताना तिचे धागे कप्प्यातच राहिले.

मला सगळ्यात लागलं ते तराजूच्या पैशाचं. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी हे पैसे बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडून घेतले होते. एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि दोन पारड्यांच्या मधे फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. माझ्या पैशाचं उजवं पारडं आता खड्ड्यांत गेलं आहे. यावर काही बोलायचा मोह मी आवरतो.

आपला पहिला ईमेल म्हणतो की हा 'कोकणातील दमट हवामानाचा परिणाम असून तो हमीत येत नाही'. म्हणून मी थोडा तपास केला. आमच्या गावात विज्ञानाचे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी सांगितलेली परीक्षा सोपी आहे, आपणही करून बघा. जुन्या पंख्यातली तांब्याची तार घेतली, पडवीत शेगडीवर लाल होईपर्यंत तापवली, अल्बमच्या कोपऱ्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत लख्ख हिरवी झाली. म्हणजे प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे. घरातल्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्याच्या झाकणाला तीच तार स्वच्छ करून लावली, तेव्हा हिरवं काही दिसलं नाही.

अशा मऊ कप्प्यांच्या प्लास्टिकांत क्लोरीन असतं ते पीव्हीसीत, तर आपला अल्बम पीव्हीसीचा आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ, लवचिक व्हावं म्हणून त्यात तेलकट रसायनं घालतात. ती हळूहळू बाहेर झिरपतात, तोच आमचा घाम. आणि प्लास्टिक स्वतः कुजायला लागलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते तांबं खातं. उष्णता आणि ओल असली की हे सगळं लवकर होतं, एवढाच आमच्या हवेचा दोष. नाणी जमवणाऱ्यांत ही गोष्ट कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून जाणकार पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन नाहीतर पॉलिएथिलीनच्या कप्प्यांत नाणी ठेवतात. मला ठाऊक नव्हतं हे मान्य. पण मी तिकिटं फाडत होतो. अल्बम आपण विकता.

शोषक पुड्यांचं थोडक्यात. एक ग्रॅमची पुडी. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. होडीतलं पाणी चमच्याने उपसावं तसं ते झालं. पुडी भरली हे कळायला रंग बदलणारे दाणे नाहीत, तापवून पुन्हा वापरावी अशी सूचना नाही.

एवढंच असतं तरी मी अल्बमचे पैसे परत मागून गप्प बसलो असतो. खरी तक्रार पुढची आहे.

मी मुंबईला लग्नाला गेलो असताना माझ्या मुलाने आपल्या मदत क्रमांकावर फोन केला. आपल्या माणसाने सांगितलं, 'आमच्या बाटलीतला द्रव लावून मऊ कापडाने जोरात घासा, नव्यासारखं होईल.' मुलगा आज्ञाधारक. त्याने सुरुवात पदकांपासून केली, आणि नशीब, एकावरच थांबला, कारण त्याला वास सहन होईना. ते व्हिक्टरी मेडल होतं, काशाचं, वर सोनेरी झाक असलेलं. ती झाक गेली. मी परत आलो तर पदक नव्या नळाच्या तोटीसारखं चमकत होतं. मुलगा खूश होता. त्याला मी काही बोललो नाही.

आपल्याला यात काय बिघडलं असं वाटत असेल, म्हणून सांगतो. जुन्या धातूवर जो रंग चढतो तो मळ नसतो. ती त्याची कातडी असते, खालच्या धातूला तीच सांभाळते. घासलं की ती जाते आणि सोबत अक्षरांच्या कडाही झिजतात. आमच्याच घरातलं उदाहरण आहे. आजी दर दसऱ्याला देवातली शिवराई आमसुलाने आणि राखेने घासायची, तांब्याच्या घंगाळाबरोबर. एका बाजूचं 'श्री राजा शिव' मी बोटाने चाचपून वाचू शकतो, पण दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' आता फक्त ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतं. आजीचा तो भक्तिभाव होता, आणि ती त्याचे पैसे घेत नव्हती.

पदकांच्या बाबतीत तर कड हेच सर्वस्व. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठसवलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर, म्हणजे तिसऱ्या पदकावर, ती मागच्या बाजूला असते. माझे पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले आणि मग तुर्कांच्या कैदेत. तिथे अन्न संपल्यावर घोडे कापून खायची पाळी आली होती. त्यांनी खाल्लं की नाही, हे विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही. विचारलं तर 'तिकडे खजूर फार' एवढंच सांगायचे म्हणे. त्यांचा फोटो नाही, पत्र नाही, पेन्शनचा कागद वाळवीने खाल्ला. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, १९४४ साली इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला त्यांनी, योग्यच आहे. साध्या शिपायाचा पुतळा होत नाही. तो जाऊन आला याचा पुरावा म्हणजे कडेवरची ती बारीक अक्षरं. आमच्या भागात दापोलीला म्हातारी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात, पलटणीतून आलेल्यांची घरं गावोगाव आहेत, आणि त्यातली किती पदकं चांदीच्या भावाने सराफाच्या मुशीत गेली ते मी पाहिलं आहे. आम्ही अडचणीच्या वर्षांतही ती विकली नव्हती.

अक्षरं अजून वाचता येतात. मुलाचा हात लवकर दमला, एवढंच.

मी हे सगळं कळवल्यावर आपण सदिच्छा भेट म्हणून काय पाठवलंत? त्याच द्रवाची दुसरी बाटली.

नाण्यांवरचा चिकट थर मी मास्तरांच्या सल्ल्याने शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून काढला. नखांचा रंग काढायचं ते पाणी नव्हे. घासलं नाही, शुद्ध पाण्यातून काढून सुकवली. थर गेला, पण अकरा नाण्यांवर खड्डे राहिले आहेत, आणि दोन नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी पुन्हा धरू लागली आहे. ती वेगळी काढून ठेवली आहेत. सर्वांचे आधीचे आणि नंतरचे फोटो सोबत आहेत. आधीचे कसे, असं विचाराल. अल्बममध्ये भरताना मुलाने प्रत्येकाचा फोटो काढून यादी केली होती. कंडक्टरचा मुलगा आहे, हिशेब ठेवतो.

माझं मागणं असं. संचाची पूर्ण रक्कम परत करावी आणि त्या दोन नाण्यांवर व पदकाच्या फितीवर जाणकाराकडून उपचार करून घेण्याचा खर्च द्यावा; अंदाज मिळाला की कळवीन. नाण्यांची किंमत मी मागत नाही, ती मला विकायची नव्हतीच. पण जाहिरातीतलं 'सर्व ऋतूंत, आयुष्यभर' काढून टाका आणि अल्बम कशाचा आहे ते वेष्टनावर लिहा. मदत क्रमांकावरच्या माणसाला घासायला सांगण्यापासून थांबवा. आणि ज्यांना ज्यांना हा अल्बम विकला आहे त्यांना कळवा. आपल्याकडे सगळ्यांचे पत्ते आहेत. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणी ना कुणी तो घेतलाच असेल, आणि पुढच्या जूनच्या आत त्यांना नाणी बाहेर काढायला हवीत. पैशांना उशीर झाला तरी मी थांबेन, या एका गोष्टीला थांबता येणार नाही.

तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, एवढ्या रकमेला शुल्कही पडत नाही, आणि मला निवृत्तीमुळे वेळ भरपूर आहे. रत्नागिरीची एसटीही मला पाठ आहे.

अल्बम परत पाठवत नाही, तो पुरावा आहे. पदकं पुन्हा धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आहेत, ट्रंक आता देवघराच्या कोरड्या कोनाड्यात. आपल्या दोन्ही बाटल्या मात्र या पत्रासोबत परत करत आहे. एक थोडी वापरलेली, एक न फोडलेली. बुचं घट्ट लावली आहेत.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)