मांडव तुझ्याकडे सोपवून जाते

आंजर्ले
सर्वपित्री अमावास्या, २ ऑक्टोबर २०२४

चि. बाबूस आईचे अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू पोचशील तेव्हा मी पुण्याला ताईकडे असेन. डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटलंय, तेव्हा बाळंतपणाला मीच जायला हवं. तुझं काम इथून चालतं म्हणालास, हे फार बरं झालं. घराची मला काळजी नाही. दूध, गॅस, पाहुणारावळा, सगळं शेजारच्या काकूंना ठाऊक आहे. पण सुपारीच्या आगरातला भाजीचा मांडव तीन आठवडे कुणावर टाकायचा, या विचाराने चार रात्री नीट झोप लागली नाही. फोनवर सांगितलं तर तू "हो हो" म्हणशील आणि विसरशील. म्हणून लिहून ठेवते आहे. कागद फ्रिजवर लाव.

हा पंधरवडाच अवघड असतो रे. हस्त लागलाय. सकाळी लख्ख ऊन, दुपारी चारच्या सुमाराला डोंगराकडून ढग चढतात, गडगडतं, तासभर ओततं आणि पुन्हा उघडतं. वेधशाळेच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमाराला माघारी जातो, आपल्याकडूनही मग थोड्याच दिवसांत. चार महिने मी आगरात एकच काम केलं, पाणी बाहेर काढायचं. उंच गादीवाफे, मध्ये चर, चराचं तोंड वहाळाकडे. आता पाऊस गेला की आपली रेताड माती दोन दिवसांत कोरडी पडते आणि तेच उंच वाफे झाडांच्या मुळावर येतात. म्हणून शेवटचा पाऊस होऊन चार दिवस झाले की चराची तोंडं बंद कर आणि रिकामे वाफे मोडून सपाट कर. माती ओली असताना कुदळ लावू नको, ढेकळं होतात. मूठभर माती दाबून बघ. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर खण.

विहिरीपाशी सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालींचा, ढीग घातलाय, तो जाळायला नाही. नव्या वाफ्यात वीतभर खाली सोडणं वाटीसारखी उताणी मांडायची, वर शेणखत, वर माती. ती पाणी धरून ठेवतात, मग एक दिवसाआड शिंपलं तरी भागतं. वरून पातेरा, म्हणजे वाळलेली पानं, पसर. पातेऱ्यात हात घालण्याआधी काठीने ढवळायचं, हे मात्र माझी शपथ घेऊन लक्षात ठेव. या दिवसांत फुरशी साप बाहेर असतात. संध्याकाळी बॅटरी आणि बाबांचे गमबूट घातल्याशिवाय आगरात उतरायचं नाही. चावलंच तर मांत्रिक-बिंत्रिक नको, गाडी काढून सरळ दवाखाना.

आता मांडव. सकाळी चहाच्या आधी एक फेरी मार. भेंडी एक दिवसाआड काढायलाच हवी. शेंडा टचकन मोडला तर कोवळी, वाकला तर जून. एक जून शेंग राहिली तरी झाड पुढची फुलं धरायला कंटाळतं. काकडीचं, दोडक्याचंही तसंच. म्हणून भाजी नको असली तरी काढ आणि कुणाला तरी दे. कारल्याचे काटे फुगून एकमेकांपासून लांब झाले, रंग जरा उतरला की तोड. पिवळी छटा आली तर उशीर झाला. पडवळांच्या टोकाला मी दगड बांधलेत ते बघून घाबरू नको, सरळ वाढावीत म्हणून बांधलेत. पडवळ चिरलंस तर बिया टाकू नको, तव्यावर परतून त्यांची चटणी कर. लहानपणी तू तेवढ्यासाठी पडवळ खायचास. अळूची बाहेरची पानं घे, मधली गुंडाळलेली राहू दे. लाल भोपळ्याचा देठ वाळून लाकडासारखा झाला आणि सालीत नख शिरेनासं झालं की देठासकट काप. देठ मोडला तर तो टिकत नाही.

भेंडीच्या एखाद्या झाडाच्या शिरा पिवळ्याधमक दिसतील. तो केवडा. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. त्या झाडाची दया करू नको, उपटून जाळ.

फळमाशीचं जरा सविस्तर सांगते, कारण गेल्या वर्षी माझ्याच हाताने सगळा मांडव गेला. कोवळ्या काकडीवर, दोडक्यावर टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, तिथून डिंकासारखा थेंब येतो आणि फळ वाकडं होऊन गळतं. आत अळ्या असतात. मी ती फळं उचलून गायरीत, खताच्या खड्ड्यात, टाकत राहिले. खत होईल म्हटलं. अळ्या तिथेच मातीत शिरल्या, कोश केले आणि माश्या होऊन पुन्हा मांडवावर आल्या. नवरात्रात काढायला धड एक दोडका नव्हता. मला रडू आलं होतं, तुला सांगितलं नाही. तेव्हा पडलेलं, टोचलेलं प्रत्येक फळ रोज गोळा करायचं, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवायचं आणि चार दिवसांनी दोन हात खोल पुरायचं. मांडवाला चार डबे टांगलेत, त्यात गंधाच्या वड्या आहेत. त्या वासाला नरमाश्या येऊन अडकतात. डब्यांना हात लावलास तर साबणाने धू.

फुलं गळतायत, फळ धरत नाही असं वाटलं तर आपणच थोडं करायचं. ज्या फुलाखाली इवलंसं फळ असतं ती मादी, नुसत्या देठावरचा तो नर. नराच्या पाकळ्या काढून मधला भाग मादीच्या मध्यावर हलकेच फिरव. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, तेव्हा आठच्या आत हे व्हायला हवं. दोडक्याचं आणि दुधीचं दिवेलागणीला उमलतं. त्या वेळी मांडवाखाली नुसता उभा राहिलास तरी चालेल. दुधीची पांढरी फुलं एकेक उघडताना दिसतात, मोठे पतंग येतात. तुझ्या मीटिंगा तोवर संपलेल्या असतील.

वानरांसाठी हर्णैहून आणलेली जुनी जाळी मांडवावर टाकलीय. तिच्यात कधी धामण अडकते, सकाळी नजर टाक. अडकलेली असली तर ओढू नको, काकूंच्या मुलाला हाक मार. तो जाळं कापून सोडवतो.

नवं पेरायचं फार नाही. माठाचं बी बारीक असतं, चार मुठी वाळूत मिसळून विस्कट आणि वाफ्याभोवती राखेची रेघ ओढ, नाहीतर मुंग्या बी उचलून नेतात. धणे चपलेखाली रगडून दोन फाकी करूनच पेर. वांग्याची रोपं तयार आहेत. उन्हं उतरल्यावर लाव, सकाळी नको. वालाचं मी आल्यावर बघू.

आणि पोफळी, आपली सुपारीची झाडं. भाजीच्या ओळींमधून नऊ-नऊ फुटांवर त्या आहेत. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू पुण्यात अडकला होतास. दुपारपर्यंत आगर उभं होतं आणि संध्याकाळी मागच्या दारातून थेट खाडी दिसत होती. लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून मी कधी खाडी पाहिली नव्हती. बाबा पायरीवर बसून राहिले. आठवडाभराने उठले आणि पडलेल्या खोडांच्या मधल्या जागा मोजून रोपं लावायला लागले. ही फळं धरतील तेव्हा मी नसेन, असं त्यांनी म्हटलं नाही, पण मोजताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ऊन एवढं पडायला लागलं म्हणून मी मधल्या जागेत भेंडी टोचली. हा मांडव तिथून सुरू झाला.

आता पोफळी माझ्यापेक्षा उंच झाल्यात. अजून दोन-चार वर्षांत धरतील, सावली मिटेल आणि मग तिथे दोडका होणार नाही, अळू आणि हळद होईल. ताई म्हणते, थोड्या पोफळी काढून टाक, भाजी छान येते. नाही काढणार. तोवर मात्र एक वेलसुद्धा पोफळीवर चढू देऊ नको. आश्विनातलं दुपारचं ऊन कोवळ्या खोडाला भाजतं, डाग पडतो आणि पुढे खोड तिथेच चिरतं. केळींची सावली पोचत नाही अशा सहा पोफळी पश्चिमेच्या गडग्याकडे आहेत. पाऊस थांबला की त्यांना नैऋत्येच्या बाजूने झाप बांध. नारळाच्या झावळ्यांचे झाप पडवीत विणून ठेवलेत.

कोजागरीला नवं बांधायचं विसरू नको. भाताच्या लोंब्या काकू देतील. नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, झेंडू आणि आंब्याचं पान आपल्याकडचं. दारावर बांध, एक विहिरीवर आणि एक मांडवाच्या पुढच्या खांबाला. बाबा खांबालाही बांधायचे.

माळ्याच्या वाशाला केळीच्या सोपटाने दोन तवशी, मोठ्या जून काकड्या, टांगलीत. डावीकडचं तुझं. काकूंना सांगितलंय, त्या धोंडस, तवशाचा गोड केक, करून देतील. उजवीकडच्याला हात लावू नको. त्यात पुढच्या पावसाचं बी आहे, ते मी आल्यावर कापीन. पंपाची किल्ली देवघरामागच्या खिळ्याला आहे.

तुझी,
आई