बांधावरची सालई पाडू नकोस

यावल

प्रिय सुभाष,

आखाजीला गावी येतोयस, फार बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी "बांधावरची सालई वाळली, या खेपेला पाडून टाकतो" असं लिहिलंस, म्हणून लगोलग लिहायला बसलो. थांब रे भो! ती वाळलेली नाही, नुसती पानं टाकून उभी आहे.

आलास की आधी तिच्या खोडाजवळ जा. साल कागदासारखी सुटलेली दिसेल. एक पापुद्रा काढून खाली नखाने हलकंच खरवड. हिरवट, ओलसर लागलं तर झाड जिवंत आहे. बारीक डहाळीही वाकवून बघ, लवली तर कुऱ्हाड घरीच राहू दे.

पानांतून दिवसभर पाणी उडत असतं. त्याची ओढ खोडातल्या बारीक नळ्यांमधून थेट मुळांपर्यंत पोचते. जमीन कोरडी पडली की हा ताण इतका वाढतो की नळीतली पाण्याची धार मध्येच तुटते, हवा शिरते आणि ती नळी कामातून जाते. सालई, पांगारा, काटेसावर या मऊ लाकडाच्या झाडांना हा ताण झेपत नाही. म्हणून ती वेळीच पानं टाकतात. खर्च थांबला की उरलेल्या ओलीवर खोड पुन्हा भरतं, आणि त्याच साठ्यावर ती उघड्या फांद्यांनी फुलतात, काही तर पाऊस यायच्या आत पालवतातही. पांगाऱ्याची तोडलेली फांदी कुंपणाला रोवली तरी फुटते, हे तर आपण लहानपणापासून बघतोय. मुळं नसताना तो कोंब खोडातल्या पुंजीवरच येतो.

अंजनाची तऱ्हा अगदी उलटी. लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. त्यात साठवायला जागा कुठली? तो मुळं खोल घालून जमिनीतली ओल गाठतो आणि ताणही सोसतो. रॉल्फ बोर्चर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९४ साली कोस्टारिकातल्या कोरड्या जंगलाबद्दल हेच मांडलं: कोणतं झाड कधी पानं टाकणार, कधी फुटणार, हे खोडातल्या आणि जमिनीतल्या पाण्यावर ठरतं. तिथली झाडं वेगळी, पण वाचताना मला आपला सातपुडाच दिसत होता.

आणि ऐनाचं झाड! तेही खोडात पाणी साठवतं. २०२४ साली आंध्रातल्या पापिकोंडा जंगलात वनखात्याच्या लोकांनी ऐनाची साल छेदली तर पाण्याची धार लागली. तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींना ते आधीपासून ठाऊक होतं. त्याचा व्हिडिओ बघून कुणी आपल्याकडच्या ऐनांवर घाव घालत सुटू नये, एवढीच मला धास्ती आहे.

सावलीच हवी असेल तर सालई राहू दे आणि शेजारी अंजन लाव. सावकाश वाढतो, पण आपल्या उन्हाला पुरून उरतो. शेंगा वाळायला लागल्यात, बी मी गोळा करून ठेवतो. येताना यावलला उतर आणि घेऊन जा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश