मॉडेलच्या विमानाला गॅरेजची गन नको

मा. संपादक, स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ रिटायर झालं. आपल्या ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात जोडलेलं लढाऊ विमान, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या दोन-तीन पोरांना त्याची मॉडेलं करायचं वेड लागलंय, आणि रंगाचा विषय निघाला की सगळी माझ्याकडे येतात, कारण ठेच मी आधी खाल्लीय.

मी दुकानात नुसतं स्प्रे गन मागितलं, तर त्यांनी १.४ एमएम नोझलची गाड्या रंगवायची गन आणि तिला पुरेल असा मोठा कॉम्प्रेसर गळ्यात मारला, वर "साहेब, ट्रकपण रंगवाल". ट्रकच रंगवायला हवा होता! १/७२ स्केलचं मिग म्हणजे जेमतेम वीतभर, पहिल्याच फवाऱ्यात पंखावरच्या सगळ्या बारीक रेषा बुजल्या. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून वरच्या काकू विचारायला आल्या, बोअरिंग मारताय का म्हणून.

या कामाला एअरब्रशच लागतो, म्हणजे पेनासारखी धरायची बारीक स्प्रे गन, ०.३ एमएम नोझलचा, वर रंगाची वाटी असलेला, डबल अ‍ॅक्शन, म्हणजे बटण खाली दाबलं की हवा, मागं ओढलं की रंग. हात बसायला आठवडा जातो, पण सिंगल अ‍ॅक्शन (बटणानं रंग कमी-जास्त न होणारा) घेऊन नंतर पस्तावण्यापेक्षा परवडलं. कॉम्प्रेसर छोटा ऑइललेस पिस्टनचा, तीनेक लिटरची टाकी असलेला. बिनटाकीचा स्वस्त मिळतो, पण त्याची हवा धकधक येते आणि रंगाचे ठिपके पडतात. हवेचा दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर हवाच, अ‍ॅक्रिलिक रंग दुधासारखा पातळ करून १५ ते २० पीएसआय दाबावर छान बसतो.

आणि मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी बाटली, विसरू नका हो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की दाबलेली हवा गार झाली की पाणी सुटतं, मी ते थेट चंदेरी रंगावर थुंकलेलं बघितलंय. काम झालं की टाकीचा खालचा स्क्रू उघडून पाणी काढायचं.

थर्माकोलच्या उडणाऱ्या विमानावर एनसी थिनर मारू नका, पंख विरघळतो (हेही केलंय). लॅकर (थिनरमध्ये पातळ करायचा रंग) मारायचा असेल तर खिडकी उघडी आणि रंगाच्या वाफा अडवणारा कार्ट्रिज मास्क, साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन देणार असाल तर दुकानात मशीन दहा मिनिटं चालवून दाखवायला सांगा, का कू केली की सरळ दुसरं दुकान गाठा.

– एक वाचक, सिडको, नाशिक