तुझ्या यादीवर लाल पेन

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद.

नव्या गेमिंग कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची तुझी यादी मिळाली. प्रिंट काढली, चष्मा शोधला आणि जुन्या सवयीनं लाल पेन घेऊन बसलो. ‘बाबा, फक्त एकदा नजर टाका’ असं तू लिहिलंस खरं, पण तीस वर्षं लोकांची मशिनं उघडण्यात गेलेल्या माणसाला नुसती नजर टाकणं जमत नाही गं.

स्पष्टच सांगतो. तुझे पैसे जे दिसतं त्यावर गेलेत. काचेचं कॅबिनेट, रंगीत दिवे, पाण्यावर चालणारा कूलर. जे दिसत नाही तिथं मात्र हात आखडलास. एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, रकान्यात तर ‘कॅबिनेटसोबत येईल तोच’ असं लिहिलंयस. त्याकडे नंतर येतो. पहिली रेघ ग्राफिक्स कार्डावर मारलीय.

आरएक्स ६५०० एक्सटी का निवडलंस ते कळतं. नवं कोरं, बजेटात बसणारं. पण तुला गेम खेळायचाय आणि त्याच क्षणी तो लोकांना दाखवायचाही आहे. या दुसऱ्या कामासाठी कार्डात एक वेगळं छोटं सर्किट असतं, एन्कोडर. २०२२ च्या जानेवारीत एएमडीनं हे कार्ड आणलं, ते त्या सर्किटाशिवायच. वर मेमरी ४ जीबी आणि मदरबोर्डाशी बोलायला फक्त चार लेन. तुझ्या कामाला यापेक्षा गैरसोयीचं कार्ड शोधून सापडलं नसतं.

एन्कोडर काय करतो ते एकदा आकड्यांत बघ. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केलास की सेकंदाला जवळजवळ ३ अब्ज बिट होतात. गेम थेट दाखवायची साइट ट्विच १०८०पीच्या ६० फ्रेमसाठी सांगतं ६००० केबीपीएस, म्हणजे ६० लाख बिट. पाचशे पोत्यांचा माल एका पोत्यात बसवायचा, दर चित्रामागे १७ मिलिसेकंदांच्या आत, आणि रात्रभर. प्रोसेसरलाही हे येतं, एक्स२६४ नावाचा सॉफ्टवेअर एन्कोडर वर्षानुवर्षं ते उत्तम करत आलाय. पण मग गेम आणि तो एकाच अरुंद खाटेवर झोपतात. एकानं कूस बदलली की दुसरा खाली.

एन्व्हिडियाच्या कार्डांतलं हे सर्किट २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून फार सुधारलं. म्हणून मी १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० लिहिलंय. २०२१ सालचं आहे, सेकंडहँड मिळालं तरी चालेल. फक्त अर्धा तास गेम चालवून पंखे, तापमान आणि चित्र बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आरएक्स ६६०० सुद्धा गुणी कार्ड आहे, ८ जीबी मेमरी, वीज जेमतेम १३२ वॅट, आणि त्यात एन्कोडरही आहे. पण एच.२६४ या व्हिडिओ आवळायच्या नेहमीच्या पद्धतीत ६००० केबीपीएसला धावपळीच्या दृश्यात त्याचं चित्र लवकर फुटतं. नुसतं खेळायचं असतं तर मी तेच घ्यायला सांगितलं असतं.

एक खड्डा दाखवून ठेवतो. जीटीएक्स १६५० सेकंडहँडमध्ये पुष्कळ दिसेल. सुरुवातीच्या १६५० मध्ये एन्कोडर मागच्या पिढीचा आहे, १६५० सुपरमध्ये ट्युरिंगचा. नावात एका शब्दाचा फरक, आणि विकणारा तो शब्द कधी बोलतो, कधी गिळतो. एव्ही१ या आवळायच्या नव्या पद्धतीसमोर तू प्रश्नचिन्ह काढलंयस. यूट्यूबला ते पाठवता येतं. आरटीएक्स ४० आणि आरएक्स ७००० मालिकांत त्याचा एन्कोडर आहे, इंटेलच्या आर्क कार्डांतही आहे. बजेटात आर्क बसेल कदाचित, पण मदरबोर्डात रिसायझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम उघडी करणारी सोय) चालू नसेल तर ते कार्ड लंगडतं. तू आत्ता त्या फंदात पडू नयेस असं मला वाटतं.

प्रोसेसर. रायझन ७ ५७००एक्स खोडून रायझन ५ ५६०० केलाय. पोती भरायचं काम कार्डाकडे गेल्यावर सहा कोअर, बारा थ्रेड तुला पुरतात. शिवाय ५६०० च्या खोक्यात कूलर येतो. ५७००एक्सच्या खोक्यात येत नाही, म्हणून तर तू पाण्याच्या कूलरपर्यंत पोचलीस ना? एक खोडलं, दुसरं आपोआप गेलं. ‘जरासा स्वस्त’ म्हणून कोणी ५५०० गळ्यात मारेल, त्याला नाही म्हण. त्याची कॅश, म्हणजे पोटातली झटपट मेमरी, निम्मी आहे आणि कार्डाशी बोलायचा रस्ता, पीसीआयई, जुन्या तिसऱ्या पिढीचा. मदरबोर्ड बी५५०. त्यावरचं एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसरची बैठक, २०१६ पासूनचं आहे, पुढं वाढवायला फारशी जागा नाही, हे तुझं म्हणणं खरं. पण नवं एएम५ घेतलंस की डीडीआर५ रॅम आलीच, आणि मग कार्डाचे पैसे तिकडे जाणार.

रॅम १६ जीबीची एकच स्टिक लिहिलीयस, ‘नंतर दुसरी घालीन’ म्हणून. नको. आठ-आठच्या दोन घे, एकच स्टिक असली की प्रोसेसरची निम्मी वाट बंद राहते. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी. आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू कर, म्हणजे रॅम छापलेल्या वेगानं चालेल. मागं एका मुलाचं मशीन आलं होतं, तक्रार एवढीच की गेम मधेच अडकतो. रॅमवर ३२०० छापलेलं, आणि चालत होती २१३३ वर. दोन वर्षं. मी बायोसमध्ये एक ओळ बदलली, सेव्ह केलं आणि त्याला परत दिलं. काय दुरुस्त केलं ते सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता एसएमपीएस. तू चौथीत असतानाचे फोटो घरात का नाहीत, याचं उत्तर मी आजवर ‘डिस्क गेली’ एवढंच दिलंय. डिस्क गेली नव्हती, मी घालवली. नवा मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, एसएमपीएस बसवत होतो. डिस्कची जुनी केबल कॅबिनेटात आधीच ओवलेली होती, ती काढायचा कंटाळा केला. टोक नव्या सप्लायमध्ये नीट बसलं, टक्क आवाजही आला. पण सप्लायच्या बाजूला कुठल्या पिनेवर किती व्होल्ट, याचा कंपन्यांमध्ये एक नियम नसतो. ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट गेले. बटण दाबलं, एकदा ‘चट्’ झालं, मग तो वास. डिस्क उलटी करून बघितली तर खालच्या बोर्डावर एक चिप फुगून मधोमध सुईएवढं भोक. दुसऱ्यांना शंभरदा बजावलेली गोष्ट होती ती. तुझ्या आईला त्याच रात्री सांगितलं, तुला सांगायचं राहून गेलं ते आज सांगतोय.

तर केबल सप्लायच्या खोक्यातलीच. आणि सप्लाय घेताना वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस. बाजूचं लेबल वाच. १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत त्याला १२ नं गुण. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट, म्हणजे ५५० चा सप्लाय खरं बोलतोय. मोठा आकडा लिहून १२ व्होल्टवर निम्मंच देणारेही असतात. ८० प्लसचा शिक्का सांगतो वीज किती वाया जाते ते. आतला माल कसा आहे ते सांगत नाही. तुझं कार्ड १७० वॅट, प्रोसेसर ताणला तर पंच्याहत्तरच्या आसपास, बाकी किरकोळ. ५५० चा चांगला सप्लाय पुष्कळ झाला. ही एकच वस्तू सेकंडहँड घ्यायची नाही.

बाकीचं भराभर. कॅबिनेट पुढून जाळीचं घे, काचेतून हवा जात नाही. एसएसडी १ टीबी ठीक आहे, रेकॉर्डिंग साठवायला नंतर हार्डडिस्क जोड. मॉनिटर १४४ हर्ट्झचा ठेव, पण केबल मदरबोर्डाला लावू नकोस, कार्डाला लाव, ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, तिथून चित्रच येणार नाही. आणि विंडोजमध्ये जाऊन १४४ निवड. नाहीतर तो ६० वरच बसून राहतो. हसू नकोस, अशी कितीतरी मशिनं माझ्याकडे ‘बिघडली’ म्हणून आलीत.

कॅमेरा खोडलाय, त्या पैशांत माईक घे. अंधुक चेहरा लोक चालवून घेतात, घोगरा आवाज नाही. डायनॅमिक माईक, तोंडापासून चार बोटांवर. कंडेन्सर घेतलास तर तुझ्याआधी कीबोर्ड आणि पंखा ऐकू येतील.

आणि इंटरनेटचा अपलोड वेग मोज, डाउनलोडचा आकडा इथं कामाचा नाही. ६००० केबीपीएस पाठवायचं तर १० एमबीपीएस तरी हातात हवा, आणि वायफायवर विसंबू नकोस, तार ओढ. तासाला २.७ जीबी बाहेर जाईल, तेव्हा डेटाची मर्यादा आहे का ते विचारून घे.

जोडून झालं की बटण दाबायच्या आधी झाकण उघडं ठेवून एक फोटो पाठव. कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा कागद काढलास का, तेही लिही.

पहिलं स्ट्रीम लावशील तेव्हा लिंक मला दे. गेममधलं मला ओ की ठो कळणार नाही, पण स्ट्रीम पाठवायच्या तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये, ओबीएसमध्ये, स्टॅट्सची खिडकी आहे, तिथं हुकलेल्या फ्रेम्सचे तीन वेगळे आकडे असतात: एक रेंडरिंगचा, एक एन्कोडिंगचा, एक नेटवर्कचा. पहिला वाढला तर कार्डाची दमछाक होतेय, दुसरा वाढला तर एन्कोडरची, तिसरा वाढला तर तुझ्या तारेची. तासाभरानं ते तीन आकडे मला मेसेज कर, मी जागाच असेन.

तुझा,
बाबा