धबधब्यांच्या यादीसोबत ओढ्याचीही माहिती छापा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

मृगाचा पहिला पाऊस झाला की ‘शनिवार-रविवारी गाठता येतील असे दहा धबधबे’ अशा याद्या छापून येतात. त्याच सुमारास प्रशासनाचा मनाई हुकूम निघतो. आणि जुलै संपायच्या आत कुठल्यातरी ओढ्यात कोणीतरी वाहून गेल्याची बातमी येते. ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांना हे तिन्ही आता पाठ झाले आहे. यादीत उंची आणि फोटो असतो, हुकमात कलम असते, बातमीत वय आणि गाव असते. पाणी कुठून येते, किती वेळात वाढते आणि वाढताना ओळखायचे कसे, हे कशातच नसते. पावसाळ्यात रानवाटा तुडवणाऱ्या आम्हा काही ठाणेकरांचे मागणे एवढेच आहे की हे छापले जावे आणि ओढ्याच्या काठावर लिहिलेही जावे.

30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. मधल्या खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत बहुतेकांनी पाहिली असेल. त्यांतले कोणी कड्यावरून पडले नव्हते की कोणी डोहात उडी मारली नव्हती. जिथे ते उभे होते तिथे थोड्या वेळापूर्वी उभे राहता येत होते. वरच्या रानातला पाऊस खाली पोचला आणि जागा बदलली. आमच्या पाहण्यात धबधब्याच्या वाटेवरचा मोठा धोका हाच. कडा सगळ्यांना दिसतो, म्हणून माणूस तिथे जपून वागतो. ओढा ओळखीचा वाटतो.

सह्याद्रीचा कातळ बसाल्टचा. त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार उभा. जुलै लागेपर्यंत माती पाण्याने गच्च होते, मग पडलेला थेंब मुरत नाही, धावत सुटतो. साधा हिशेब मांडून पाहा. ओढ्याच्या वरचे रान एक चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे फार मोठे नाही. त्यावर तासाभरात 50 मि.मी. पाऊस झाला तर 5 कोटी लिटर पाणी पडले. त्यातले निम्मेच तासाभरात खाली आले असे धरले तरी सेकंदाला सुमारे 7,000 लिटर होते. इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते. तशा सात टाक्या प्रत्येक सेकंदाला ओढ्याच्या दहा-बारा फूट रुंद घळीतून उपड्या होत आहेत असे डोळ्यांसमोर आणावे. आणि हे होत असताना खाली, जिथे माणसे भिजत असतात, तिथे ऊनही असू शकते.

म्हणून दिवसाच्या पावसाच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. हवामान खाते 24 तासांत 64.5 मि.मी.च्या वर पाऊस गेला की तो मुसळधार धरते, 115.6 मि.मी.पासून अतिमुसळधार. तोच 70 मि.मी. दिवसभर रिपरिपत पडला तर ओढा सोसतो, एका तासात पडला तर लोंढा येतो. निघण्याच्या आदल्या रात्री जिल्ह्याचा इशारा पाहावाच. नारिंगी किंवा लाल असेल तर धबधबा त्या दिवशी रद्द. पण सकाळी चालायला लागण्यापूर्वी पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा जास्त उपयोगी पडतो, आणि त्याहून उपयोगी म्हणजे माथ्याकडे पाहणे. वरचा कडा ढगात गडप झाला असेल तर ओढा ओलांडायचा नाही, मग खाली कितीही लख्ख असो.

लोंढा येण्याआधी ओढा सांगतो. नितळ पाणी चहासारखे गढूळ होते. पालापाचोळा आणि काटक्या एकदम वाढतात. ओल्या मातीचा वास येतो. कधी उलटे होते: पाणी अचानक कमी होते. याचा अर्थ वर झाड किंवा दरड आडवी पडून पाणी तुंबले असण्याची शक्यता आहे, आणि तो बांध फुटला की सगळे एकदम येते. पाणी कमी झाले म्हणून पलीकडे पळू नये, काठ चढून वर जावे. आवाजावर मात्र भरवसा ठेवता येत नाही. धबधब्याच्या गाजेत लोंढ्याचा आवाज बुडतो, माणसाची हाक आणि शिट्टीही बुडते. काठावर पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक दगड ठेवावा, किंवा खडकावर कोळशाने रेघ ओढावी. पाणी त्या खुणेच्या चार बोटे वर गेले की डबे आवरायचे. अर्धवट जेवण झाले असेल तरी.

आता ठाण्याहून माणसे फक्त येऊर, खारघरचा पांडवकडा आणि बदलापूरचा कोंडेश्वर एवढ्यावर थांबत नाहीत. अलिबाग ते मुरूड किनाऱ्यावर तंबूत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी मागच्या रानातल्या धबधब्याकडे पायपीट, असा बेत वाढतो आहे. नागाव, रेवदंडा, मग साळावचा पूल ओलांडून काशीद. पाठीमागे 1986 साली जाहीर झालेले फणसाड अभयारण्य. पुढे मुरूडजवळ गारंबीचा धबधबा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला शेकरूचे रान आणि मध्ये थोडीच सपाट जमीन. बेत सुंदर आहे, यात शंका नाही. पण इथे ओढ्याला दोन्हीकडून पाणी येते, वरून पावसाचे आणि खालून भरतीचे. डोंगरातून उतरलेला व्हाळ, म्हणजे ओढाच, लगेच समुद्राला मिळतो. भरतीच्या वेळी त्याचे तोंड अडते आणि पाणी मागे फुगते. सकाळी ओहोटीत पायाचे तळवे भिजवून पार केलेली जागा दुपारी मांडीपर्यंत भरलेली मिळते.

भरतीची वेळ काढायला कोकणात तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बारा, आणि त्याच दिवसांत उधाणाचे पाणी सर्वांत वर चढते. पुन्हा साधारण साडेबारा तासांनी भरती, दोन्हींच्या मधोमध ओहोटी. हा अंदाज झाला, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. पण परतीची वाट व्हाळाच्या मुखाजवळून असेल तर हे गणित न करता निघू नये. सुरूच्या बनात तंबू ठोकताना झाडांच्या बुंध्यांवर गेल्या पुराचा कचरा कुठवर अडकला आहे ते पाहून त्याच्या वरची जागा धरावी. वाळूतला कोरडा, गुळगुळीत खोलगट पट्टा तंबूला छान वाटतो. तो व्हाळाचा जुना मार्ग असतो, आणि मुसळधार पाऊस व उधाण एकत्र आले की पाणी तिथूनच येते.

ओढा ओलांडायचाच असेल तर आधी खाली पाहावे. पन्नास पावलांवर कडा, डोह किंवा आडवे पडलेले झाड असेल तर ती जागा सोडावी, पाणी घोट्याएवढे असले तरी. अरुंद जागी पाणी वेगवान आणि खोल असते, पसरट जागी उथळ. म्हणून ‘इथून एका ढांगेत जाऊ’ हा मोह टाळून रुंद जागा शोधावी. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. वेगाचे पाणी गुडघ्याला लागले की परत फिरायचे. बूट काढायचे नाहीत. अनवाणी पाय दगडाच्या खोबणीत घसरतो, ठेचाळतो आणि माणूस तोल सोडतो. सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास ती फेकून देता येते. तोंड वरच्या अंगाला, हातात छातीइतकी उंच काठी, ती वरच्या बाजूला टेकलेली, आणि पाय न उचलता सरकवत आडवे जायचे. तिघे-चौघे असतील तर सर्वांत दणकट माणूस वरच्या बाजूला आणि बाकीचे त्याच्या मागे, एकमेकांचे खांदे धरून.

कमरेला दोर बांधून ओढ्यात उतरणे ही फार पसरलेली चूक आहे. बांधलेला माणूस पडला की दोर ताणतो, आणि ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. वाहून गेलोच तर पाठीवर पडावे, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पंजे वर. उभे राहायची धडपड गुडघ्याखाली पाणी येईपर्यंत करू नये. दोन दगडांत पाऊल अडकले तर मागचे पाणी माणसाला पुढे वाकवते आणि फुटा-दोन फुटांतही डोके वर निघत नाही.

धबधब्याखालच्या डोहाबद्दल थोडेसेच. तिथला पांढरा फेस म्हणजे हवा मिसळलेले पाणी, त्यात अंग नेहमीसारखे तरंगत नाही. पडणारे पाणी तळाशी जाऊन वर येते आणि त्यातले काही पुन्हा धारेकडेच ओढते. पट्टीचा पोहणाराही तिथे दमतो. तळाशी गोट्यांनी घुसळून कोरलेले रांजणखळगे असतात, दोन पावलांत कंबरेचे पाणी डोक्यावर जाते. थेट धारेखाली डोके धरू नये, कारण वरून दगडही येतो आणि त्या पांढऱ्या पडद्यात तो दिसत नाही. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी नको. अशा वेळी वाचवणारा दुसरा बळी ठरतो. काठी, ओढणी किंवा तोंड घट्ट बंद केलेला 5 लिटरचा रिकामा कॅन पुढे करावा. कॅन पाच किलोचा भार उचलतो, तोंड पाण्याबाहेर राहायला तेवढे पुष्कळ होते.

कातळावरच्या हिरव्या शेवाळापेक्षा काळपट, तेलकट चकाकणारा थर जास्त घसरडा असतो. बांबूच्या बेटातून जाताना फांदीला हात घालण्यापूर्वी पाहावे, हिरवा चापडा हा विषारी साप तिथेच बसतो. साप चावल्यास कापू नये, करकचून बांधू नये, अवयव स्थिर ठेवून 108 ला फोन करावा.

राहिला प्रश्न बंदीचा. जिथे दरड पडते, जिथे दरवर्षी माणसे जातात, तिथे बंदी असावीच. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे परवानगीशिवाय शिरणे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे आणि तसेच राहावे. सगळे धबधबे खुले करा असे आम्ही म्हणत नाही. पण नुसता हुकूम काढून मुख्य रस्त्यावर पोलीस उभे केले की लोक मागच्या ढोरवाटेने जातात. मग आत किती माणसे आहेत हे कोणालाच ठाऊक नसते आणि लोंढा आला तर सांगायलाही कोणी नसते.

त्याऐवजी जिथे जाणे शक्य आणि कायदेशीर आहे, तिथे तीन कामे मे महिन्यातच व्हावीत. पहिले, ओलांडायच्या जागेजवळच्या न हलणाऱ्या खडकावर पाण्याची पट्टी: खाली पांढरा, वर पिवळा, त्यावर लाल. पांढरा रंग बुडाला की पलीकडे जाणे बंद, पिवळा बुडाला की पलीकडच्यांनी तिथेच थांबून उंच जागा गाठायची, लाल बुडाला की दोन्ही काठ रिकामे. कोणता रंग कुठे लावायचा हे पाड्यावरच्या माणसांना विचारून ठरवावे. त्यांनी तो ओढा प्रत्येक पावसाळ्यात पाहिलेला असतो. आणि दर पंधरा दिवसांनी तारेच्या ब्रशने घासावे, नाहीतर श्रावणापर्यंत शेवाळाखाली पट्टी दिसेनाशी होते. दुसरे, शनिवार-रविवारी माथ्याजवळ पाड्यावरचाच एक तरुण, रोजंदारीवर, हातात मोठे लाल फडके घेऊन. फोनला रेंज नसते आणि शिट्टी ऐकू येत नाही, पण फडके दिसते. तिसरे, काठावरच्या पेटीत 20 मीटर तरंगता दोर. मच्छीमारांकडे असतो तो पॉलिप्रॉपिलीनचा चालतो, नायलॉनचा बुडतो. वर्दळीच्या वाटेवर मुख्य ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, घालता आला तर निम्मी चिंता तिथेच मिटेल.

आपल्याकडे मागणे वेगळे आहे. या पावसाळ्यापासून धबधब्यांची यादी छापताना प्रत्येक नावाखाली चार ओळी वाढवाव्यात: वाटेत किती ओढे ओलांडावे लागतात, त्यांचे पाणी कुठल्या डोंगरावरून येते, परवानगी कोणाची लागते, आणि जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे. किनाऱ्यालगतचे ठिकाण असेल तर त्या शनिवार-रविवारची भरतीची वेळही द्यावी. जागा कमी पडली तर फोटो लहान केला तरी चालेल.

आपले,
रानवाटांवर भटकणारे काही ठाणेकर
ठाणे (प.)